खोडावरचे शैवाक आणि नदीतले पाणमांजर

शहापूर-मुरबाडकडच्या एखाद्या जुन्या आंब्याचे खोड जवळून पाहा. त्यावर करड्या-हिरवट रंगाचे पापुद्रे दिसतील. हे शैवाक. गोड्या मसाल्यातले दगडफूल याच गटातले. आता नदीत सुळकन बुडी मारून मासा पकडणारे पाणमांजर डोळ्यांपुढे आणा. एक जागचे हलत नाही, दुसरे स्वस्थ बसत नाही. मग यांची तुलना कशाला, असे तुम्ही विचाराल.

शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची भागीदारी. बुरशी ओलावा धरून ठेवते, शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते. खोड ही केवळ बसायची जागा. शैवाकाला मुळे नाहीत, पानांवर असते तसे मेणचट आवरणही नाही. पाऊस, दव आणि हवा यांतून येईल ते सर्वांगाने शोषायचे! हवेत गंधकाचा डायॉक्साइड वाढला, की तोही आत शिरतो आणि हरितद्रव्याचा नाश करतो. पॅरिसच्या बागेतील शैवाकांवरून शहराच्या हवेची पारख होते, हे निलँडर या फिनिश शास्त्रज्ञाने १८६६ साली दाखवले.

पाणमांजराला देवमाशासारखा चरबीचा जाड थर नसतो. दाट केसांत अडकलेली हवा ऊब राखते, तरीही पाण्यात उष्णता भराभर जाते. म्हणून त्याला खूप मासे खावे लागतात. शेतातली काही कीटकनाशके पाण्यात येतात, सूक्ष्म जीवांतून माशांत जातात आणि शेवटी पाणमांजराच्या शरीरात साठतात. ब्रिटनमध्ये १९५०नंतरच्या काळात पाणमांजरे झपाट्याने घटली, ती मुख्यतः डिल्ड्रिनसारख्या कीटकनाशकांमुळे. त्यांचा वापर थांबल्यावर ती हळूहळू परतली.

आले ना लक्षात? शैवाक हवेचा हिशेब ठेवते, पाणमांजर पाण्याचा. तानसा आणि भातसा याच तालुक्यातून मुंबईची तहान भागवतात. तेव्हा हा हिशेब लाखो लोकांच्या कामाचा आहे.

एक प्रयोग करा. तारेची १० सेंटिमीटर बाजूची चौकट घ्या. नाशिक महामार्गालगतचे पाच आंबे आणि गावाच्या आतले पाच आंबे निवडा. खोडे सारख्या जाडीची असावीत. छातीच्या उंचीवर, खोडाच्या एकाच दिशेला चौकट धरून आत किती प्रकारची शैवाके आहेत ते मोजा. मात्र खरवडू नका. ती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. फरक दिसला, तर ऊन, ओलावा की धूर, कारण कोणते, यावर शिक्षकांशी चर्चा करा.