थंड सायलेन्सर आणि प्लॅटिनमवर उभा राहिलेला रेणू

आजचा विषय कागदावर जरा जड वाटतो: धातूच्या पृष्ठभागावर चिकटलेले रेणू वर्णपटावरून कसे ओळखायचे. आपण त्याची सुरुवात पुंडलिकनगरच्या गल्लीतूनच करू. थंडीत सकाळी सात-साडेसातला वाळूजच्या शिफ्टला निघणारे गाडी स्टार्ट करतात, ‘होऊ दे जरा गरम’ म्हणून स्टँडवर लावतात आणि चहा घ्यायला आत जातात. गाडी भारत स्टेज सहाची असते, सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, म्हणजे धूर स्वच्छ असणार, असं आपण धरून चालतो. पण त्या पहिल्या काही मिनिटांत कन्व्हर्टर जवळजवळ झोपलेला असतो. तो का झोपतो, आणि हे कळलं कसं, एवढंच आज बघायचंय.

कन्व्हर्टरच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचे अतिसूक्ष्म कण. विषारी कार्बन मोनॉक्साइडचा रेणू कणावर बसतो, शेजारी ऑक्सिजनचा अणू असतो, दोघं मिळून कार्बन डायऑक्साइड होतो आणि उडून जातो. या बसण्याला अधिशोषण म्हणतात. शोषण नव्हे बरं का. स्पंज पाणी आत घेतो ते शोषण. पोळपाटाला पीठ चिकटतं, लाकडाच्या आत जात नाही, ते अधिशोषण.

आता हा चिकटलेला रेणू बघायचा कसा? कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यातला बंध स्प्रिंगसारखा थरथरतो. त्या थरथरण्याशी जुळणारा अवरक्त प्रकाशच रेणू गिळतो आणि वर्णपटात तिथे खाच पडते. मोकळ्या कार्बन मोनॉक्साइडची जागा आहे २१४३. म्हणजे एका सेंटीमीटरमध्ये त्या प्रकाशाच्या २१४३ लाटा बसतात. मोकळा रेणू गिरक्याही घेतो, त्यामुळे २१४३ च्या दोन्ही बाजूंना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात. रेणू प्लॅटिनमवर बसला की गिरक्या बंद. कंगवा जातो, एकच रेषा उरते, आणि ती खाली सरकून २१०० च्या आसपास येते. दोन प्लॅटिनम अणूंच्या मधे पुलासारखा बसला तर आणखी खाली, १८५० च्या आसपास.

ही रेषा खाली का येते, यातच सगळी गंमत आहे. कार्बन आपली इलेक्ट्रॉनांची जोडी धातूला देऊ करतो, आणि धातू आपल्याकडचे इलेक्ट्रॉन रेणूच्या अशा रिकाम्या जागेत परत ढकलतो की कार्बन-ऑक्सिजनचा बंध सैल पडतो. स्प्रिंग सैल, थरथर मंद. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या लोहावरही हाच रेणू जवळपास असाच बसतो. तिथे त्याची रेषा सुमारे १९५१ ला दिसते. ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट पकड. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं दगावल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो, त्यामागे हीच पकड आहे.

सांगायला सोपं आहे, पण मोजायला महाकठीण. एका चौरस सेंटीमीटर धातूवर साधारण एकावर पंधरा शून्यं एवढेच अणू असतात, त्यामुळे चिकटणारे रेणूही त्याहून जास्त नाहीत. आपला प्रकाशकिरण प्रयोगशाळेच्या दहा सेंटीमीटर हवेतून गेला, तर तेवढ्या वाटेत त्याला कार्बन डायऑक्साइडचेच रेणू जवळपास शंभरपट भेटतात. जत्रेत एकाची कुजबुज ऐकण्यासारखं हे काम. १९५० च्या दशकात अमेरिकेत टेक्साको कंपनीच्या प्रयोगशाळेत आयशेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युक्ती केली: धातू बारीक कणांच्या रूपात पावडरीवर पसरवला, म्हणजे चिमूटभर मालात अफाट पृष्ठभाग. गुळगुळीत स्फटिकासाठी दुसरी युक्ती आहे. किरण पृष्ठभागाला जवळजवळ घासून जाईल असा तिरका टाकायचा. एक अट मात्र धातूच घालतो. धातूतले इलेक्ट्रॉन आडव्या हालचालीचा परिणाम पुसून टाकतात, त्यामुळे आडवा पडलेला रेणू थरथरला तरी दिसत नाही, उभा असेल तरच दिसतो. कार्बन मोनॉक्साइड प्लॅटिनमवर कार्बन खाली करून ताठ उभा राहतो, हे आपलं नशीब. शिवाय हे सगळं निर्वात पात्रात करावं लागतं. हवेच्या दाबाच्या एक अब्जांश दाबालाही स्वच्छ धातू काही सेकंदांत झाकला जातो.

आता गल्लीत परत येऊ. थंड प्लॅटिनमवर कार्बन मोनॉक्साइड सोडला की रेषा मोठी होत जाते आणि गर्दी वाढते तशी २०६५ वरून २१०० कडे चढते, कारण शेजारचे रेणू एकमेकांना धरून थरथरतात. (म्हणूनच रेषेच्या उंचीवरून कुणी थेट रेणूंची संख्या सांगू लागला तर आम्ही जरा सावध होतो. गर्दीत उंची आणि संख्या बरोबर चालत नाहीत.) ऑक्सिजनला मात्र दोन तुकडे होऊन बसायला शेजारशेजारच्या मोकळ्या जागा लागतात, आणि त्या उरतच नाहीत. लोकलच्या डब्यात सगळ्या सीटवर एकेकटे प्रवासी बसलेत आणि दाराशी जोडपं उभं आहे. लँगम्यूरने १९२२ मध्येच हे ओळखलं होतं, त्याच्याकडे ही रेषा बघायची सोय नसताना! प्लॅटिनमवरच्या या क्रियेचा पायरीपायरीने उलगडा हा गेरहार्ड एर्टल यांच्या ज्या कामाला २००७ चं नोबेल मिळालं, त्याचा एक भाग.

तापमान वाढवत नेलं की रेणू उठून जाऊ लागतात. रेषा लहान होते, खाली सरकते, ऑक्सिजनला जागा मिळते, आणि वायूच्या वर्णपटात २३४९ ला कार्बन डायऑक्साइड दिसू लागतो. गाडीतल्या कन्व्हर्टरमध्ये ही वेळ साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास येते. तोवर विषच जागा अडवून बसलेलं असतं.

व्याख्यानानंतर एका काकांनी विचारलं, ‘मग सर, गाडी उभी करून गरम करायची की नाही?’ आम्ही म्हटलं, काका, नाही. उभ्या गाडीचा धूर कमी आणि कोमट, कन्व्हर्टर तापायला उलट जास्त वेळ लागतो. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनाला असं थांबवायची गरजही नाही. स्टार्ट करा, आणि पहिले एक-दोन किलोमीटर सावकाश चालवा. बंद पार्किंगमध्ये किंवा जिन्याखाली तर चालू ठेवूच नका. मागून एक मुलगा म्हणाला, पिकअपसाठी गॅरेजवाले कन्व्हर्टर काढूनच देतात. त्याला सांगितलं, मग तुझी गाडी दिवसभर सकाळच्या थंड गाडीसारखीच धूर सोडत फिरणार.