तोफेचे तोंड कोणीकडे?

कान्हे हे पुणे-लोणावळा लोहमार्गावरील एक लहानसे स्थानक. एका बाजूस वडगाव, दुसऱ्या बाजूस कामशेत आणि सभोवार भाताची खाचरे. समुद्र घाटाच्या पलीकडे, कितीतरी कोस दूर. अशा गावी धान्याच्या एका दुकानात मागील पावसाळ्यात सलग तीन संध्याकाळी युद्धनौकांच्या तोफांवर चर्चा रंगली, असे सांगितले तर वाचकांस ती थट्टा वाटेल. ती थट्टाच होती. परंतु तिच्या पोटात एका घराची काळजी दडलेली होती.

दुकान माझ्या मामांचे. त्यांचा नातू बारावीत शिकतो. एका संध्याकाळी त्याने अमेरिकेच्या आयोवा वर्गातील युद्धनौकांचे वर्णन आरंभिले. तोफेच्या नळीचा व्यास सोळा इंच, लांबी सुमारे २० मीटर, एका गोळ्याचे वजन सुमारे १,२२५ किलो आणि पल्ला ३८ किलोमीटरांच्या आसपास.

मामांनी खतावणीतून मान वर न करताच हिशोब केला. "म्हणजे पन्नास किलोची साडेचोवीस पोती. ही तोफ आपल्या फाट्यावर बसवली तर इंद्रायणी तांदूळ थेट मार्केट यार्डात पडेल का रे? ट्रकचं भाडं तरी वाचेल."

नातवाने नकाशा काढून सरळ अंतर मोजले. "नाही आजोबा. माल शिवाजीनगरलाच पडेल."

"मग नको. तिथून पुन्हा टेंपो करावा लागेल."

दुकानातील गिऱ्हाइकांनाही चेव आला. कोणी त्या नळीतून शेतावर पाणी नेण्याची योजना मांडली. कोणी ती आडवी टाकून तिच्यात धान्य साठविण्याचे सुचविले. उंदीर लागणार नाहीत, ही हमी. मामांनी मात्र एकच शेरा मारला, "इतक्या मोठ्या वस्तूला शेवटी भंगाराचाच भाव येतो."

हा शेरा वाटतो तितका पोकळ नाही. विजापूरची मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. तिचे वजन सुमारे ५५ टन सांगतात. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावरून विजापुरास नेली गेली. १८५४ मध्ये इंग्रज अमदानीत तिचा लिलाव पुकारला गेला, तेव्हा बोली लागली १५० रुपयांची. म्हणजे टनास तीन रुपयेही नाहीत. बोली फारच कमी वाटल्याने अधिकाऱ्याने विक्री रद्द केली, म्हणून ती तोफ आज पाहावयास मिळते. ज्या व्यापाऱ्याने ती बोली लावली असेल, त्याने ५५ टन धातू गाडीवर चढविण्याचा खर्च आधी मांडला असणार, असे मामांचे मत.

तोफ वाहून नेण्याचा खर्च काय असतो, याचे उत्तर आमच्या मावळानेच एकदा दिले आहे. १७७९ च्या जानेवारीत मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून पुण्याकडे निघाली. सैनिक सुमारे ३,९०० आणि त्यांचे सामान ओढण्यास सुमारे १९,००० बैल. म्हणजे एका शिपायामागे जवळजवळ पाच मुके जीव. तळेगावास पोहोचेपर्यंत दाणावैरण मिळेनाशी झाली आणि मराठी फौजांनी वेढा घातला. माघार घेताना इंग्रजांनी आपल्या जड तोफा रात्री तळेगावच्या तळ्यात लोटून दिल्या आणि पुढे वडगावास तह केला. घाटावर एवढ्या कष्टाने चढविलेल्या तोफांचा शेवटचा उपयोग तळ्याचा तळ भरण्यापुरता उरला! त्याच वडगावच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये इंद्रायणी तांदळाचे वाण दिले. मामांच्या दुकानाचा गल्ला त्यावर चालतो.

दुसऱ्या संध्याकाळी नातू तयारीनिशी आला. तोफांचे विचित्र उपयोग जगात खरोखरच झाले आहेत, असे तो म्हणाला. कॅनडातील शास्त्रज्ञ जेराल्ड बुल यांनी १९६० च्या दशकात सोळा इंची नौदली तोफेच्या दोन नळ्या एकापुढे एक जोडून वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर आकाशाकडे रोखल्या. गोळ्यांऐवजी त्यांतून उपकरणे उडविली जात. उंच हवेत ती चकाकणारी वाफ सोडीत आणि तिच्या रेषेवरून तेथील वाऱ्यांचा वेग समजे. १९६६ च्या नोव्हेंबरात अशाच एका तोफेने अमेरिकेतील यूमा येथून १८० किलोमीटर उंची गाठली. दुसरे उदाहरण पहिल्या महायुद्धानंतरचे. जर्मनांनी १९१९ मध्ये स्कॉटलंडजवळ आपलेच आरमार बुडविले. त्या नौकांचे पोलाद अणुस्फोटांच्या आधीचे, म्हणून किरणोत्साराच्या दोषापासून मुक्त. शरीरातील अल्पसा किरणोत्सार मोजणाऱ्या उपकरणांसाठी ते पुढे कामी आले. जीव घेण्यासाठी घडविलेले पोलाद जीव राखण्याच्या कामास लागले.

मामा प्रसन्न झाले. "बुलसाहेबांचं पुढे काय झालं?"

नातू अडखळला. पैसा आटला, प्रयोग बंद पडला आणि बुल यांनी आपली विद्या शस्त्रांकडे वळविली. पुढे ते इराकसाठी महातोफ रचू लागले. १९९० च्या मार्चमध्ये ब्रसेल्स येथे त्यांची गोळ्या घालून हत्या झाली.

दुकानात कोणी हसले नाही. मग नातवानेच खरी गोष्ट बाहेर काढली. त्याला नौदलाच्या अभियांत्रिकी शाखेत जायचे होते. लोणावळ्यास समुद्र नाही, तरी नौदलाची 'आयएनएस शिवाजी' तेथे १९४५ पासून उभी आहे; जमिनीवरील या 'जहाजा'त नौकांच्या यंत्रांचे शिक्षण मिळते. तीन संध्याकाळींची तोफांची चर्चा ही या एका वाक्याची प्रस्तावना होती तर!

मामांनी काही वेळ तराजूची पारडी पुसली. श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडाचा त्याग सांगितला आहे आणि हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे हा त्याचाच एक प्रकार, हे त्यांना पाठ आहे. परंतु गृहस्थाला रक्षणासाठी करावी लागणारी विरोधी हिंसा आणि ठरवून केलेली संकल्पी हिंसा यांत शास्त्राने भेद केला आहे, हेही ते जाणतात. श्रवणबेळगोळची बाहुबलींची मूर्ती उभारणारा चामुंडराय हा सेनापतीच होता.

तिसऱ्या संध्याकाळी ते बोलले. "नळी तीच, दारूही तीच. बार्बाडोसला तोंड आकाशाकडे होतं, पुढे ते माणसाकडे वळलं. वळवलं कोणी? तोफेनं नव्हे. तू यंत्र शीक, बाळा. पण त्याचं तोंड कोणीकडे आहे, हे विचारायची सवय सोडू नकोस. आणि विचारायची वेळ आली, तर पगाराकडे बघून गप्प बसू नकोस."

नातवाने मान डोलावली. मामांनी खतावणी मिटली, दिवा मंद केला आणि उठता उठता सर्वांत अवघड प्रश्न विचारला.

"आणि लोणावळ्याला सूर्यास्ताच्या आत जेवण मिळतं का, तेवढं आधी चौकशी करून ये."