बुद्धिबळाचा पट आणि प्रवासखर्च

बुद्धिबळ हा गरिबाचा खेळ आहे, असे आपल्याकडे मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. एक पट, बत्तीस मोहरी आणि समोर बसणारा माणूस एवढ्यावर भागते. ना मैदान लागते, ना गणवेश. हौसेपुरते हे खरे आहे. परंतु राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचू पाहणाऱ्या खेळाडूच्या घरचा जमाखर्च मांडून पाहिला, तर हा समज कितपत टिकेल याची शंकाच वाटते.

महाराष्ट्राची या खेळातील परंपरा थोर आहे. १९५५ साली एलुरु येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा रामचंद्र सप्रे यांनी डी. वेंकय्या यांच्यासह अजिंक्यपद विभागून घेतले. १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंती खाडिलकर यांनी जिंकली आणि जयश्री व रोहिणी या त्यांच्या भगिनींनी पुढे कित्येक वर्षे ते पद घराबाहेर जाऊ दिले नाही. १९७६ साली अवघ्या तेरा वर्षांच्या रोहिणीने पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरून तीन राज्यविजेत्यांना हरवले, तेव्हा केवढे काहूर माजले! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना निर्णय द्यावा लागला की, राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत स्त्रियांना प्रवेश नाकारता येणार नाही.

नियमाचा तो अडसर दूर झाला. पैशाचा मात्र कायम आहे, आणि त्याविरुद्ध दाद मागायला न्यायालयही नाही.

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमी येथे कोनेरू हंपीला नमवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्या विजयानेच ती ग्रँडमास्टर झाली. एरवी या किताबासाठी तीन नॉर्म आणि २५०० गुणांकन लागते. नॉर्मसाठी परदेशी व किताबधारी प्रतिस्पर्धी हवेत, म्हणून आपली मुले युरोपच्या वाऱ्या करतात. राज्य शासनाने दिव्याला तीन कोटी रुपये दिले, हे योग्यच झाले. तथापि अर्थशास्त्राच्या भाषेत ते पारितोषिक आहे, गुंतवणूक नव्हे. गुंतवणूक त्याआधी व्हावी लागते आणि ती आजही बव्हंशी आईबापच करतात. ज्यांना ती पेलत नाही, त्यांच्या मुलांची नावे आपल्यापर्यंत येतच नाहीत.

सालवडमध्ये राहून तारापूरच्या कारखान्यात कंत्राटावर काम करणाऱ्या पालकाचा विचार करा. अल्पवयीन मुलाबरोबर कोणीतरी जावेच लागते. नऊ फेऱ्यांची स्पर्धा पाच दिवस चालली, तर प्रवेशशुल्क, भाडे व मुक्काम यांच्या जोडीला पाच दिवसांची मजुरी बुडते. तिला आम्ही वर्गात संधिखर्च म्हणतो. त्या घरात ती वाण्याच्या उधारीत दिसते. मोबाइलवर फुकट खेळता येते हे मान्य, पण नॉर्मसाठी लागणारे गुणांकन पटासमोर बसूनच मिळवावे लागते. त्यात राष्ट्रीय वयोगट स्पर्धांत निवड न झालेल्यांना जादा शुल्क भरून विशेष प्रवेश घेण्याची प्रथाही आहे. संघटनेला पैसा लागतो, हे समजू शकते. तरी गुणवत्तेच्या खेळात ही वाट खटकल्यावाचून राहत नाही.

यावर उपाय फार खर्चाचा आहे असेही नाही. जिल्हा निवड स्पर्धेतून पुढे गेलेल्या खेळाडूला आणि सोबतच्या पालकाला रेल्वेभाडे व दैनिक भत्ता शासनाने द्यावा. बुडालेल्या मजुरीची थोडीफार भरपाई त्यातून होईल. दुसरे असे की, २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सामाजिक दायित्वाच्या कामांत ग्रामीण व राष्ट्रीय मान्यताप्राप्त खेळांच्या प्रशिक्षणाचा समावेश आहे. या कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या तारापूरच्या कंपन्यांनी पालघर जिल्ह्यातील मुलांसाठी वर्षभराचे प्रशिक्षण चालवावे आणि त्याचा भाग म्हणून गुणांकनाच्या दोन-तीन स्पर्धा येथेच भरवाव्यात. त्यासाठी बोईसरमध्ये एक सभागृह, मान्यताप्राप्त पंच आणि पन्नासेक पट-घड्याळे लागतील.