दोन गोळ्यांचं भांडण

माझ्या आईच्या छातीत घड्याळ आहे. थापा नाही मारत! रात्री टीव्ही बंद झाला की तिच्या शेजारी पडून कान द्या, टिक टिक ऐकू येतं. तो तिचा कृत्रिम व्हॉल्व्ह. लहानपणी घसा दुखला, कुणी मनावर घेतलं नाही, त्याचा झाला रूमॅटिक फीव्हर आणि त्याने हृदयाची झडपच खराब केली. या नव्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून ती रोज रात्री वॉरफरिन घेते. आम्ही तिला नुसतं ‘पातळ गोळी’ म्हणतो.

गेल्या दिवाळीनंतर आईचं पोट बिघडलं. फराळच तेवढा झाला होता. कपाटात मेट्रोनिडाझोलची उरलेली स्ट्रिप होती. झालं, घेतली! पाचव्या दिवशी तिच्या दंडावर हाताएवढा काळानिळा डाग.

“अगं आई, हे काय?”

“काही नाही गं, भाजीच्या पिशवीचा पट्टा लागला.”

दुसऱ्या दिवशी टूथब्रश लालभडक. मी तिला ओढतच लॅबमध्ये नेलं. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते आयएनआर टेस्टमध्ये कळतं. तुमचा-माझा आयएनआर साधारण १ असतो, आईचा २.५ ते ३.५ मध्ये ठेवायचा असतो. रिपोर्ट आला ७.२. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, “नवीन काय घेतलंत?” दोन दिवस वॉरफरिन बंद, तोंडाने व्हिटॅमिन के, आणि मला चार रात्री झोप नाही.

मग काय, पत्रकाराचा किडा. बसले वाचत. १९३३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये एक शेतकरी मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन, बर्फाच्या वादळातून मॅडिसनच्या विद्यापीठात पोचला. त्याची गुरं बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हरचा चारा खाऊन रक्तस्रावाने मरत होती. कार्ल पॉल लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षं खपून त्या चाऱ्यातलं डायक्युमेरॉल शोधलं. त्याचंच भावंड वॉरफरिन. १९४८ मध्ये ते बाजारात आलं ते उंदीर मारायला! माणसांसाठी परवानगी मिळाली १९५४ मध्ये. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅकनंतर हेच दिलं गेलं. (आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “म्हणजे मी उंदीर की प्रेसिडेंट?”)

गुठळी बनवणारी काही प्रथिनं लिव्हरमध्ये तयार होतात आणि त्यासाठी व्हिटॅमिन के लागतं. वापरलेलं व्हिटॅमिन पुन्हा कामाला लावायची जी सोय शरीरात आहे, ती वॉरफरिन अडवतं. पण वॉरफरिनचा निचराही लिव्हरच करतं. मेट्रोनिडाझोल किंवा कोट्रायमोक्झॅझोल आलं की हा निचरा तुंबतो. गोळी एकच, असर दुपटीचा. शिवाय आतड्यातले काही जंतू थोडं व्हिटॅमिन के बनवतात. अँटिबायोटिक त्यांनाही झोडपतं.

टीबीवरचं रिफाम्पिसिन तर बरोबर उलटं. ते लिव्हरला इतकं कामाला जुंपतं की वॉरफरिन भराभर संपतं, आयएनआर घसरतो आणि झडपेवर गुठळी व्हायची भीती. आपल्याकडे टीबी किती, हे वेगळं सांगायला नको. रिफाम्पिसिनचा कोर्स संपला तरी सुटका नाही. डोस पुन्हा खाली आणावा लागतो, नाहीतर रक्तस्राव.

तुम्ही म्हणाल, आता नव्या गोळ्या आहेत की. आहेत, पण कृत्रिम व्हॉल्व्हवाल्यांना नाही. डॅबिगाट्रान त्यांच्यावर वापरून पाहणारी चाचणी २०१२ मध्ये थांबवावी लागली. गुठळ्याही जास्त आणि रक्तस्रावही जास्त. म्हणजे आई आणि तिची पातळ गोळी, जोडी कायम.

परवा माझा घसा धरला. डेडलाइन डोक्यावर, म्हणून ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या ड्रॉवरमधलं अ‍ॅझिथ्रोमायसिन उचललं. घरी पाण्याचा ग्लास भरला तोच आईने हातातून स्ट्रिप काढून घेतली.

“कुणी लिहून दिलंय?”

मी गप्प. नुसतं टिक टिक ऐकू येत होतं.