टाकीतलं शिळं पेट्रोल

मृगाचा पाऊस बरा झाला की पंधरा-वीस दिवसांत राजगुरुनगरच्या दुरुस्तीच्या दुकानांपुढे गवत कापायची ब्रश कटर येऊन पडू लागतात. तक्रार बहुतेकांची एकच. गेल्या वर्षी चांगलं चालत होतं, आता सुरूच होत नाही. जाणता मेकॅनिक लगेच सुरू करायच्या दोरीला हात घालत नाही. आधी टाकीचं झाकण फिरवतो, वास घेतो आणि विचारतो, "पेट्रोल कधीचं?" उत्तर ठरलेलं असतं: दिवाळीच्या आधीचं.

हे मशीन वापरून कमी आणि पडून जास्त बिघडतं. कारण त्याच्या कार्बोरेटरमध्ये आहे. जुन्या मोटारसायकलच्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट असतो. गाडी आडवी पडली की पेट्रोल गळतं. ब्रश कटर तर बांधाच्या उतारावर वाकडंतिकडंच चालवायचं असतं. म्हणून त्यात फ्लोटऐवजी दोन पातळ डायफ्रॅम बसवलेले असतात. एक इंजिनातल्या दाबाच्या चढउतारावर हलून टाकीतलं पेट्रोल ओढतो, दुसरा ते मोजून पुढे सोडतो. सात-आठ महिने पेट्रोल तसंच राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि खाली चिकट डिंक उरतो. सुईच्या टोकाएवढी भोकं त्याने बुजतात. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं आणि जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात. मेकॅनिक चार स्क्रू काढून डायफ्रॅम बोटांवर घेतो. चांगला असेल तर तो मऊ वाकतो. वाया गेलेला बटाट्याच्या वेफरसारखा कडक लागतो. तो धुऊन भागत नाही, नवा किटच टाकावा लागतो.

राजगुरुनगर ज्यात येतं त्या खेड तालुक्यात ही मशीनं एवढी का वाढली, याचं उत्तर चाकणच्या दिशेने जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये बसलेलं असतं. घरातला तरुण पहिल्या शिफ्टला गेलेला, खुरपणीला बायामाणसं मिळत नाहीत, मिळाली तर कांद्यासाठी आधीच सांगून ठेवलेली. मग बांध, पाटाची कड आणि गोठ्यामागची जागा सुट्टीच्या दिवशी मशीनने उरकायची. तिकडे एमआयडीसीतल्या हिरवळी आणि मोकळे प्लॉट साफ करणारे ठेकेदार हेच मशीन रोज चालवतात. गंमत म्हणजे त्यांची मशीनं सुरू होताना कुरकुर करत नाहीत, कारण टाकीत पेट्रोल शिळं व्हायला वेळच मिळत नाही.

या मशीनवर लावतात त्या नायलॉनच्या दोरीने गवत छाटण्याची कल्पना तशी अलीकडची. अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये जॉर्ज बॅलस यांना १९७१ साली ती सुचली, तीही गाड्या धुणारे गरगर फिरणारे ब्रश पाहून. पॉपकॉर्नच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून त्यांनी त्यात दोरी ओवली आणि तो डबा फिरवला. आपल्या बांधावर मात्र निव्वळ दोरीवर भागत नाही. कोवळ्या हराळीला ती पुरते. घाणेरीच्या जून बुंध्याला लोखंडी पातं लागतं.

आणि जनावरांना वैरण हवी असेल तर दोरी नकोच. ती गवताचा भुगा करते, तो गोळा होत नाही. शिवाय तुटलेले नायलॉनचे तुकडे त्यात मिसळतात आणि ते गाईच्या पोटात जाण्याची भीती असते. पात्याने कापलेलं गवत एका बाजूला पडतं, कवळ बांधता येते.

पातं बदलताना नवखा माणूस हमखास अडतो. नट नेहमीच्या दिशेने जोर लावून फिरवतो आणि तो आणखी घट्ट बसतो, कारण बहुतेक मशीनवर त्याचे आटे उलटे असतात. ते सरळ असते तर फिरत्या पात्याने नट आपोआप ढिला झाला असता. २५५ मिलिमीटरचं पातं मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर त्याची कड ताशी जवळपास २९० किलोमीटर वेगाने जाते. त्या वेगाने उडालेला खडा समोरच्याचा डोळा फोडू शकतो. म्हणून आजूबाजूला १५ मीटरपर्यंत कुणी नको, असं कंपन्यांची पुस्तिका सांगते. गावात पोरं बघायला जवळ उभी राहतात आणि चालवणारा चप्पल घालून असतो, हेही तितकंच खरं.

ऑईलचा घोळ वेगळाच. टू-स्ट्रोक इंजिनाला ऑईलची वेगळी जागा नसते, पेट्रोलमध्येच मिसळून द्यावं लागतं. पुस्तिकेत ५०:१ लिहिलं असेल तर लिटरला २० मिलिलिटर, २५:१ असेल तर ४०. अंदाजाने झाकणभर ओतणारे पुष्कळ. जास्त झालं तर धूर होतो, प्लग काळा पडतो, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी साचते. हे निस्तरता येतं. ऑईल घालायचंच विसरलं तर थोड्याच वेळात पिस्टनवर ओरखडे उठतात आणि इंजिन जाम होतं. फोर-स्ट्रोक मशीनचं गणित उलटं: साधं पेट्रोल, इंजिन ऑईल निराळं. घरात दोन्ही जातींची मशीनं असतील तर कॅनवर ठळक अक्षरांत लिहून ठेवणं बरं. दांड्याच्या टोकाशी गिअरची डबी असते, तिला बाजूच्या स्क्रूतून ग्रीस द्यायचं असतं. ती तापू लागेपर्यंत बहुतेकांना तिची आठवण होत नाही.

एवढं करून समोर असतं ते बहुतेकदा गाजरगवत. हे तण भारतात आल्याची नोंद वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये केली, तीही आपल्या पुण्यातून. एका झाडाला हजारो बिया लागतात. ब्रश कटर ते कापतं, उपटत नाही. बुडखा राहिला की तो पुन्हा फुटतो. फुलं येण्याआधी कापलं तर बी धरत नाही, पण फुटवा आला की पुन्हा फेरी मारावी लागते. अंगावर खाज उठू नये म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट, चष्मा आणि तोंडाला फडकं हवंच. कापून झाल्यावर एअर फिल्टर उघडून झटकायचा, कारण कापलेल्या गवताचा बारीक चुरा तिथेच जाऊन बसतो.

नवरात्राच्या सुमारास शेवटची फेरी झाली की मशीन टांगण्याआधी टाकी रिकामी करायची. मग उरलंसुरलं पेट्रोल संपून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. प्लग काढून आत चार थेंब टू-टी ऑईल सोडायचं, सुरू करायची दोरी दोनदा हळू ओढायची, प्लग पुन्हा लावायचा. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि ज्यांनी ते केलेलं असतं ते जूनमध्ये सहसा दुकानात दिसत नाहीत.