पाच जणांची मांडणी: व्हॅलोरंटमधील संघरचना, 2020 ते 2025

व्हॅलोरंट या संगणकावरील लढाईच्या खेळात एका संघात पाच खेळाडू असतात. सामना सुरू होण्याआधी प्रत्येकाने एक एजंट, म्हणजे खेळातले एक पात्र, निवडायचा आणि एकाच संघातल्या दोघांना तोच एजंट घेता येत नाही. एक संघ चढाई करून ठरलेल्या जागेवर ‘स्पाइक’ नावाचे स्फोटक पेरतो आणि दुसरा ती जागा राखतो. बारा डावांनंतर बाजू बदलतात, आणि जो आधी तेरा डाव जिंकतो त्याच्या पदरात तो नकाशा पडतो. बंदुका दोन्ही संघांना सारख्याच मिळतात. वेगळेपण असते ते एजंटांच्या अंगच्या कौशल्यांत, म्हणून कोणते पाच एजंट एकत्र उतरवायचे हा या खेळातला पहिला डावपेच आहे.

डोटा 2 किंवा लीग ऑफ लेजंड्स या खेळांत दोन्ही संघ आळीपाळीने निवड करतात आणि प्रतिस्पर्ध्याला नको असलेले मोहरे बादही करतात. व्हॅलोरंटमध्ये बाद होतात ते नकाशे, एजंट नव्हेत. समोरचा संघ काय घेऊन येणार हे निवड करताना दिसत नाही आणि तोच एजंट दोन्ही बाजूंना असू शकतो. त्यामुळे संघरचना ऐनवेळी सुचणाऱ्या तोडीवर उभी राहत नाही. ती सरावाच्या खोलीत, एकेका नकाशासाठी, आठवडेच्या आठवडे घासून तयार होते.

हा खेळ बनवणाऱ्या रायट गेम्सने एजंटांच्या चार भूमिका ठरवल्या. ड्युएलिस्ट म्हणजे कबड्डीतला चढाईपटू: पहिला आत घुसणारा आणि पहिली चकमक ओढवून घेणारा. इनिशिएटर शत्रू कुठे दडला आहे ते शोधतो किंवा त्याचे डोळे दिपवतो. कंट्रोलर धुराचे पडदे टाकून गोळीबाराच्या रेषा तोडतो. सेंटिनेल सापळे आणि तारा लावून पाठ राखतो. भूमिका चार आणि खेळाडू पाच, त्यामुळे पाचवी जागा मोकळी उरते. 2020 ते 2025 या काळाचा इतिहास बराचसा या पाचव्या जागेभोवतीच फिरला आहे.

2 जून 2020 रोजी खेळ सर्वांसाठी खुला झाला तेव्हा अकरा एजंट होते. सुरुवातीला पाचवी जागा बहुतेक वेळा दुसऱ्या ड्युएलिस्टकडे जात असे. यामागे मोठा विचार नव्हता. बहुतेक नामवंत खेळाडू काउंटर-स्ट्राइकमधून आले होते आणि त्यांचा भरवसा नेमबाजीवर होता. जेट ही ड्युएलिस्ट तर जवळजवळ अनिवार्य झाली. ऑपरेटर ही सर्वांत महागडी लांब पल्ल्याची बंदूक घेऊन ती एक गोळी झाडायची आणि दुसऱ्याच क्षणी झेप घेऊन निसटायची. सोव्हाचा शोधबाण, ओमेनचा धूर, सायफरच्या तारा आणि सोबत जेट व रेझ अशी मांडणी तेव्हा जगभर दिसत असे.

2021 मध्ये लक्ष कंट्रोलरकडे वळले. मार्चमध्ये आलेली अ‍ॅस्ट्रा संपूर्ण नकाशावर कुठेही तारे मांडून ठेवू शकत होती आणि गरज पडेल तेव्हा त्यांचा धूर, ओढ किंवा झटका करू शकत होती. व्हायपर सुरुवातीपासून होती, पण आइसबॉक्स आणि ब्रीझ हे मोठ्या मोकळ्या जागांचे नकाशे आल्यावर तिची लांबलचक विषारी भिंत अमूल्य ठरली. मे 2021 मध्ये रेक्याविक येथील मास्टर्स स्पर्धा सेंटिनल्स या अमेरिकी संघाने एकही नकाशा न गमावता जिंकली. कौतुक झाले ते टेंझच्या जेटचे. मात्र त्या जेटला जागा मोकळी करून देणारे काम झॉम्ब्सच्या धुराचे आणि शाहझॅमच्या सोव्हाचे होते, आणि ते काम आजही पुरेसे ओळखले गेलेले नाही. जानेवारी 2022 मध्ये रायटने अ‍ॅस्ट्राचे तारे पाचावरून चारावर आणले.

एकच एजंट संघरचनेचे सगळे गणित कसे उलटे करतो याचा धडा चेंबरने दिला. नोव्हेंबर 2021 मध्ये आलेला हा एजंट कागदोपत्री सेंटिनेल होता. प्रत्यक्षात त्याच्याकडे क्षणात जागा बदलण्याची सोय होती, अचूक पिस्तूल होते आणि स्वतःची लांब पल्ल्याची बंदूकही होती. म्हणजे पाठ राखणारा आणि ऑपरेटर चालवणारा हे दोघे एकाच माणसात मावले. एप्रिल 2022 मध्ये 4.08 या आवृत्तीने जेटच्या झेपेला लगाम घातला. झेप आधी सज्ज करून ठरलेल्या सेकंदांतच वापरण्याचे बंधन आले, आणि चेंबरचे पारडे आणखी जड झाले. एका खेळाडूत दोन कामे उरकल्याने वाचलेली जागा संघांनी दुसऱ्या इनिशिएटरला दिली. सोव्हाच्या जोडीला शत्रूची कौशल्ये दाबून टाकणारा केओ आला, कुठे दडलेल्यांचा माग काढणारी फेड आली. डोळे दिपवणे आणि शोध घेणे ही दोन कामे वेगवेगळ्या हातांत गेल्यावर चढाई कितीतरी शिस्तीची झाली. सप्टेंबर 2022 मध्ये इस्तंबूलला चॅम्पियन्स ही जागतिक विजेतेपदाची स्पर्धा जिंकणारा ब्राझीलचा लाउड संघ या कामवाटपाचा उत्तम नमुना आहे. त्यात आस्पास घुसायचा, सासी माहिती काढायचा, पानकाडा धूर टाकायचा, लेस पाठ राखायचा आणि सादाक सूत्रे हलवायचा. कोणाचेही काम दुसऱ्याच्या कामावर आदळत नव्हते. अखेर डिसेंबर 2022 च्या 5.12 आवृत्तीत चेंबरला मोठी कात्री लागली आणि सेंटिनेलची जागा पुन्हा किलजॉय आणि सायफरकडे गेली.

त्याच वर्षी सिंगापूरच्या पेपर रेक्सने अगदी उलटी वाट दाखवली. इतर संघ माहिती मिळेपर्यंत थांबत. पेपर रेक्स दोन-दोन ड्युएलिस्ट घेऊन अंगावर धावून जाई आणि प्रतिस्पर्ध्याला विचार करायला उसंतच देत नसे. जिंग्गची रेझ आणि फॉर्सेकनचा कोणत्याही एजंटवर बसणारा हात यांवर ही पद्धत उभी होती. जुलै 2022 मध्ये कोपनहेगनच्या मास्टर्स स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ते फनप्लस फिनिक्सकडून 2-3 असे हरले, तरी बाकीच्या संघांना त्यांची दखल घ्यावीच लागली. ही रचना बेभान होती असे समजणे चुकीचे आहे. बचाव करणाऱ्यांची कौशल्ये वापरली जाण्याआधीच त्यांच्यापर्यंत पोहोचायचे, हा त्यामागचा विचार होता, आणि दुसऱ्या इनिशिएटरच्या जागी घेतलेला ड्युएलिस्ट त्या विचाराची किंमत होती. हाताची चपळाई आणि एकमेकांच्या हालचालींचा अंदाज असेल तरच ती किंमत परवडते.

भारतात ही गोष्ट आरंभी सर्व्हरपाशी अडली होती. या खेळात काही सहस्रांश सेकंदांचा उशीरही पहिल्या घुसणाऱ्याचा जीव घेतो. म्हणून सर्व्हर दूर असेल तर आक्रमक रचना केवळ कागदावर चांगली दिसते. मुंबईत सर्व्हर आल्यावर वडोदऱ्याच्या उत्तरेला असलेल्या नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीतला, नाशिकचा किंवा सुरतचा खेळाडूही काहीशे किलोमीटरच्याच अंतरावर आला. मात्र सोय होताच भारतीय रँक सामन्यांत एक सवय मुरली. ज्याला त्याला ड्युएलिस्ट हवा, धूर टाकायला कोणी तयार नाही. ही सवय जगभर आहे. फरक इतकाच की जिथे व्यावसायिक संघ अनेक होते तिथे कंट्रोलर आणि इनिशिएटर घडवले गेले, तर इथे तशी घडण करणाऱ्या जागा मोजक्याच राहिल्या.

त्या मोजक्यांपैकी एक म्हणजे 2017 मध्ये मुंबईत स्थापन झालेली ग्लोबल ईस्पोर्ट्स. गणेश गंगाधर, खेळातले नाव स्करॉसी, हा तिचा सर्वांत गाजलेला खेळाडू. नेमबाजीच्या जोरावर एकट्याने डाव फिरवणारा अशी त्याची ख्याती. सप्टेंबर 2022 मध्ये रायटने पॅसिफिक लीगसाठी दहा भागीदार संघ जाहीर केले, त्यांत दक्षिण आशियातून ग्लोबल ईस्पोर्ट्स हे एकच नाव होते. मार्च 2023 मध्ये सोलला लीग सुरू झाली. त्या हंगामात संघात स्करॉसी आणि लाइटनिंगफास्ट हे भारतीय होते, आणि त्यांच्यासोबत अमेरिकेचा आयरिन, इंडोनेशियाचा मोनयेत, कोरियाचे बाझी व टेक्स्चर असे खेळाडू.

इथे संघरचनेचा प्रश्न एजंटांपलीकडे जातो. दुहेरी इनिशिएटरची मांडणी बोलण्यावर चालते. बाण सुटला, शत्रू दिसला, आता दिपवा, आता घुसा, हे सगळे दोन सेकंदांत सांगावे आणि समजावे लागते. वेगवेगळ्या मातृभाषांच्या माणसांनी हे इंग्रजीतून करायचे म्हणजे प्रत्येक चढाईत थोडा उशीर घरूनच आणल्यासारखा होतो. सराव वाढवून तो कमी होतो, पण त्यासाठी तेच पाच जण दीर्घकाळ एकत्र राहावे लागतात. ग्लोबल ईस्पोर्ट्सची यादी मात्र बदलत राहिली. 2024 साठी पेपर रेक्सचा आधीचा कर्णधार बेन्काई तिच्याकडे आला. टेक्स्चर जेन.जीमध्ये गेला आणि तिथे कोरियन संघात त्याने मे-जून 2024 मध्ये शांघायची मास्टर्स स्पर्धा जिंकली. तोच खेळाडू, तीच नेमबाजी, भोवतालची माणसे बदलली की निकाल किती बदलतो हे याहून स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल.

खेळात भारत आला तो पॅसिफिक लीगच्या घोषणेच्याच सुमारास. ऑक्टोबर 2022 मध्ये हार्बर हा पहिला भारतीय एजंट दाखल झाला. तो पाण्याच्या भिंती उभ्या करणारा कंट्रोलर. जानेवारी 2023 मध्ये पश्चिम घाटात कल्पिलेला लोटस नकाशा आला. त्यात पेरणीच्या जागा दोनऐवजी तीन आणि फिरणारे दगडी दरवाजे. हार्बर एकट्याने संघाची धुराची गरज भागवू शकत नव्हता, म्हणून त्याला बहुधा दुसऱ्या कंट्रोलरसोबतच उतरवले गेले. लोटसवर मात्र ओमेन आणि व्हायपर ही दुहेरी कंट्रोलरची जोडी रुळली. तीन जागा राखायच्या तर माणसे विरळ पडतात, आणि व्हायपरची भिंत एका बाजूला माणसाची उणीव भरून काढते.

2023 हे शिस्तीचे वर्ष ठरले. फनॅटिकने साओ पाउलोची लॉक-इन आणि टोकियोची मास्टर्स या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. डर्क घुसणारा, अल्फाजर पाठ राखणारा, बोस्टर धुराचा आणि सूत्रांचा धनी, लिओ शोध घेणारा, आणि क्रॉनिकल नकाशाप्रमाणे लागेल ते करणारा. पाचवी जागा एका ठरावीक भूमिकेला न देता भूमिका बदलू शकणाऱ्या माणसाला देण्याची ही रीत पुढे सर्वत्र पसरली.

2024 मध्ये व्हायपरची ताकद घटवली गेली आणि जूनमध्ये नियॉन या ड्युएलिस्टला बळ मिळाले. दुहेरी ड्युएलिस्ट परत आले. ऑगस्टमध्ये सोलला चॅम्पियन्स जिंकणारा चीनचा एडवर्ड गेमिंग याच लाटेवर होता. 2025 च्या आरंभी क्षेपणास्त्रे सोडणारा तेजो हा एजंट काही महिने सर्वत्र दिसला आणि मग कमजोर केला गेला. जूनमध्ये पेपर रेक्सने टोरांटोत फनॅटिकला 3-1 असे हरवून आपले पहिले मास्टर्स विजेतेपद मिळवले. एके काळी निरुपयोगी म्हणून बाजूला ठेवलेला योरू हा ड्युएलिस्ट तोवर अनेक नकाशांवर नेहमीचा झाला होता.

5 ऑक्टोबर 2025 रोजी पॅरिसमध्ये एनआरजीने फनॅटिकला 3-2 असे नमवून चॅम्पियन्स जिंकली. एनआरजीचा ईथन 2023 मध्ये ईव्हिल जीनियसेसच्या विजेत्या संघातही होता, आणि चॅम्पियन्स दोनदा जिंकणारा तो पहिला खेळाडू ठरला. दोन्ही संघांत त्याचे काम मुख्यतः इनिशिएटरचे होते.