मोटारीच्या पाठीवर बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. ऊसतोडीला निघालेले कुटुंब आपण पाहतो. तवा, पातेली, अंथरूण, पांघरूण, सगळे गाडीत घालून ते निघते. मेंढरांमागे फिरणारा धनगर घोड्याच्या पाठीवर संसार लादतो. पोट हिंडवते, तिकडे माणूस जातो.

अमेरिकेत हौसेने असे बिऱ्हाड पाठीवर घेणारे पुष्कळ लोक आहेत. मात्र तेथे घोडा नाही. तेथे पिकअप गाडी आहे. पुढे दोन-चार माणसे बसण्याची जागा आणि मागे उघडा हौदा, अशी ही गाडी आता आपल्या गावांतही आली आहे. कांदा, दूध, शेळ्या घेऊन ती बाजाराला जाते. अमेरिकेतले लोक या हौद्यात एक तयार घरच बसवतात.

हे घर केवढे? एक लहान खोली समजा. आत झोपायला पलंग, स्वयंपाकाला शेगडी, पाण्याची टाकी आणि सामानाची कपाटे. बाजूला खिडक्या, मागे दार. पलंगाचा भाग पुढे ड्रायव्हरच्या टपावर आलेला असतो.

यातली गंमत पुढेच आहे. हे घर गाडीला कायमचे जोडलेले नसते. त्याच्या चार कोपऱ्यांना चार पाय असतात. पाय म्हणजे जॅकच. ते लांब केले की घर जमिनीवर उभे राहते. गाडी हळूहळू मागे घेत त्याच्या पोटाखाली न्यायची. मग पाय आखडायचे. घर अलगद हौद्यात बसते. प्रवास संपला की घर अंगणात उतरवायचे आणि गाडी पुन्हा मालाच्या कामाला लावायची.

हे ऐकायला सोपे वाटते. पण घर उचलून गाडीवर ठेवले आणि निघालो, असे होत नाही. आधी गाडी तयार करावी लागते. त्याआधी हिशेब करावा लागतो. तो चुकला तर टायर फुटतो, गाडी कलंडते, माणसे जिवाला मुकतात. ही तयारी कशी करतात, ते आपण पाहू या. आपल्याही कामाचे त्यात पुष्कळ आहे.

एका लेखकाची गाडी

जॉन स्टाइनबेक नावाचा एक मोठा अमेरिकन लेखक होऊन गेला. १९६२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या आधी, १९६० साली, त्याच्या मनात आले, की आपण देशाविषयी लिहितो, पण देश पाहून फार वर्षे झाली. आता एकदा सगळा फिरून पाहावा.

तेव्हा तो ५८ वर्षांचा होता. त्याने एक पिकअप गाडी घेतली आणि तिच्यावर छोटे घर बसवून घेतले. आत पलंग होता, शेगडी होती, थंडीसाठी ऊब देणारे यंत्र होते. गाडीचे नाव त्याने रोसिनांते ठेवले. एका जुन्या स्पॅनिश कादंबरीतल्या सरदाराच्या घोड्याचे हे नाव. सोबतीला चार्ली नावाचा कुत्रा घेतला आणि स्वारी निघाली.

या प्रवासावर त्याने पुस्तक लिहिले. त्यात एक प्रसंग आहे. ऑरेगन राज्यातून जाताना एक टायर फुटला. दिवस रविवारचा, वर पाऊस. चिखलात बसून त्याने चाक बदलले. पाहतो तो दुसऱ्या एका टायरलाही फुगा आलेला! कसाबसा तो एका पंपापर्यंत पोचला. एवढ्या जड गाडीला पेलतील असे टायर तेथे कोठून असणार? पंपावरच्या माणसाने टेलिफोन करून करून ते मिळवून दिले, तेव्हा गाडी पुढे गेली.

एवढा मोठा लेखक, पण टायरने त्याची गय केली नाही. टायर माणूस पाहत नाही, वजन पाहतो. ती गाडी आज कॅलिफोर्नियात, सॅलिनास या त्याच्या गावच्या संग्रहालयात ठेवलेली आहे.

आधी आकडा वाचावा

गाडी किती वजन पेलते, हे गाडी बनवणाराच ठरवतो. अमेरिकेत ड्रायव्हरच्या दाराजवळ एक पट्टी चिकटवलेली असते. माणसे आणि सामान मिळून इतक्यापेक्षा जास्त वजन घालू नका, असे तिच्यावर लिहिलेले असते. घर बनवणाराही आपल्या घरावर वजनाची पट्टी लावतो. घर घेणाऱ्याने आधी या दोन पट्ट्या वाचायच्या.

हलके घर पाचशे-सहाशे किलोंचे असते. मोठे घर दीड टनाच्याही वर जाते. म्हणून कोणतेही घर कोणत्याही गाडीवर चालत नाही. जाणता माणूस आधी घर पसंत करतो, मग त्याला पेलेल अशी गाडी घेतो. पुष्कळ लोक उलट करतात. गाडी दारात असते, मग घर आवडते आणि मग वजन आठवते.

एक हिशेब करून पाहू. समजा, गाडीची ताकद १००० किलोंची आहे आणि घर ७०० किलोंचे आहे. कोणी म्हणेल, "अहो, अजून ३०० किलो शिल्लक आहेत की!" थांबा. एकेक मांडू या.

रिकामे घर — ७०० किलो
टाकीतले १०० लिटर पाणी — १०० किलो
नवरा-बायको — १४० किलो
गॅसची टाकी आणि बॅटरी — ५० किलो
भांडी, अंथरुणे, कपडे, शिधा — १२० किलो
एकूण — १११० किलो

झाले ना ११० किलो जास्त? पाण्याचे वजन तर कोणी धरतच नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. नदीवरून घागर आणणाऱ्या बाईला हे सांगावे लागत नाही. पण टाकी नळाने भरणारा ते विसरतो.

वजन पडते कोठे?

वजन किती, हे कळले. ते पडते कोठे, हेही पाहिले पाहिजे.

बैलगाडी भरताना आपण काय पाहतो? माल मागे जास्त झाला तर गाडी उलाळ होते. जू वर उचलते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. म्हणून आपण कण्याच्या मागेपुढे वजन जमवून घेतो.

मोटारीचेही तसेच आहे. घराचे बहुतेक वजन मागच्या चाकांवर येते. ते मागच्या कण्याच्याही मागे गेले, तर पुढची चाके हलकी होतात. ती रस्ता नीट धरत नाहीत. चाक वळवले तरी गाडी हवी तशी वळत नाही. म्हणून घराचा वजनाचा मध्य मागच्या कण्याच्या थोडा पुढे आला पाहिजे. हा मध्य कोठे आहे, हे घर बनवणारा सांगतो. गाडीवाल्याने टेप धरून मोजायचे आणि घर बसण्याआधीच खात्री करायची. आतले जड सामानही खाली आणि पुढे ठेवायचे. वरच्या कपाटात हलके कपडे ठेवावेत.

दुसरी गोष्ट उंचीची. कडब्याची उंच गाडी वळणावर कशी झुलते, ते आपण पाहतो. हे घरही तसेच झुलते. आडवा वारा सुटला की जास्तच. त्यासाठी कण्याजवळ एक पोलादी कांब बसवतात. एका बाजूचे चाक दबले की ती कांब पिळली जाते आणि गाडीला फार कलू देत नाही.

टायर आणि पाटे

प्रत्येक टायरच्या अंगावर अक्षरे आणि आकडे असतात. हा टायर किती वजन पेलेल आणि त्यासाठी हवा किती हवी, हे त्यांवरून कळते. घर वाहणाऱ्या गाडीला जड ओझ्याचे टायर लागतात. साध्या मोटारीचे चालत नाहीत.

हवा कमी असली तर काय होते? एक तार घ्या आणि ती एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवा. ती गरम होते आणि शेवटी तुटते. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला असाच दबतो आणि सुटतो. तो आतून तापतो. वरून काही दिसत नाही. मग एकाएकी फुटतो. म्हणून निघण्यापूर्वी, टायर थंड असताना, हवा मोजायची.

टायरच्या वर पाटे असतात. पाटे म्हणजे एकावर एक ठेवलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्या. ओझ्याने गाडी मागे फार बसली, तर जादा पट्टी घालतात. कोणी हवेच्या रबरी पिशव्या बसवतात. त्याने गाडी सरळ उभी राहते आणि कमी झुलते.

पण येथेच पुष्कळ लोक फसतात. गाडी सरळ दिसली म्हणजे तिची ताकद वाढली, असे त्यांना वाटते. तसे नाही. कणा जुनाच आहे, ब्रेक जुनेच आहेत. जू मजबूत केले म्हणून बैलाची ताकद वाढत नाही. ओझे वाढले की ब्रेक दाबल्यावर गाडी जास्त लांब जाऊन थांबते. पुढे पोर आडवे आले, तर तेवढे अंतर फार मोठे असते.

घर बांधावे कशाला?

हौद्याचा मागचा फाळका काढून ठेवतात. तळाला जाड रबर अंथरतात, म्हणजे घर सरकत नाही. मग चार बाजूंना चार साखळ्या लावतात. मध्ये आटे असलेला ताण असतो. तो पिळला की साखळी घट्ट होते.

साखळी कोठे अडकवायची? हौद्याचा पत्रा पातळ असतो. तो फाटून निघेल. म्हणून गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला मजबूत कड्या बसवतात आणि साखळी तेथे अडकवतात. थोडे अंतर गेल्यावर उतरून ताण पुन्हा पाहतात. नवे बांधलेले ओझे सैल होतेच.

घर गाडीपेक्षा रुंद असते, म्हणून मागचे दिसायला बाजूचे आरसे मोठे लावतात. गाडीची उंचीही वाढते. ती मोजून, चिठ्ठीवर लिहून, ड्रायव्हरच्या समोर लावून ठेवतात. पूल बुटका आला की चिठ्ठी वाचायची. आठवणीवर विसंबायचे नाही.

दिवा आणि गॅस

घरातल्या दिव्यांना वेगळी बॅटरी असते. गाडीच्याच बॅटरीवर रात्रभर दिवे लावले, तर सकाळी गाडी सुरू होणार नाही. म्हणून दोन्हींच्या मध्ये एक कळ बसवतात. इंजिन चालू असताना घरची बॅटरी भरते. इंजिन बंद झाले की दोघी वेगळ्या होतात.

गॅसच्या टाकीचे कपाट वेगळे असते. त्याच्या तळाशी बाहेर उघडणारे भोक असते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड आहे. तो गळला तर खाली साचतो. भोक खाली असले म्हणजे तो बाहेर निघून जातो.

थंडीत दारे-खिडक्या लावून शेगडी पेटती ठेवणे फार वाईट. त्यातून एक विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस उठतच नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसे आपल्याकडेही अशीच दगावतात. म्हणून थोडी खिडकी उघडी ठेवायची. हा वायू साचला की ओरडणारे यंत्रही तेथे घरात लावतात.

शेवटी काटा

एवढे सगळे झाले, पाणी भरले, सामान भरले, माणसे बसली. आता गाडी काट्यावर न्यायची. साखर कारखान्यावर उसाची गाडी जशी काट्यावर चढते, तशीच. आधी सगळ्या गाडीचे वजन करायचे. मग नुसती मागची चाके काट्यावर ठेवून वजन करायचे. म्हणजे मागच्या कण्यावर किती ओझे आहे ते कळते. काटा जास्त दाखवील, तर काय करायचे? सामान उतरवायचे. दुसरा उपाय नाही.

आपल्या गावात

आपल्यापैकी फार थोडे लोक असे घर घेऊन फिरतील. कोणाला करायचेच असेल, तर गाडीच्या बांधणीत बदल करण्याआधी परिवहन कार्यालयाची परवानगी घेतली पाहिजे, हे ध्यानात ठेवा. पण पिकअपमध्ये माल मात्र आपण रोज भरतो. "अजून दोन गोण्या टाक रे, काही होत नाही," असे आपणच म्हणतो. वर चार माणसेही बसतात. मालाच्या गाडीत माणसे नेण्यास कायद्याने बंदी आहे, आणि ती आपल्याच जिवासाठी आहे.

गाडीच्या नोंदणीच्या कागदावर दोन आकडे असतात. एक रिकाम्या गाडीचे वजन. दुसरा भरल्या गाडीचे जास्तीत जास्त वजन. मोठ्यातून लहान वजा करा. जे उरते तेवढेच ओझे घालायचे. ड्रायव्हरही त्यातच धरायचा. आता आपल्याला आकडे वाचता येतात. मग दुसऱ्याला विचारायचे कशाला?

हे गणित सोडवून पाहा. एक पिकअप रिकामी १७०० किलोंची आहे. भरून २७०० किलोंपर्यंत चालते. ड्रायव्हर आणि सोबतचे दोघे मिळून २०० किलो. कांद्याची एक गोणी ५० किलोंची. गाडीत किती गोण्या घालाव्यात?

उत्तर आहे १६ गोण्या. सतरावी गोणी दुसऱ्या खेपेला न्यावी.